केमोच्या दोन सायकल जास्त की दोन आठवडे शेक?

हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर, पहिला किंवा दुसरा टप्पा, छातीतली गाठ अवाढव्य नाही, एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोच्या दोन सायकल झाल्यात आणि आजार किती उरलाय ते दाखवणारा मधला पेट स्कॅन स्वच्छ आलाय. अशा वेळी बरेच डॉक्टर दोन रस्ते समोर ठेवतात. केमो इथेच थांबवून वीस ग्रेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप), नाहीतर शेक टाळून आणखी दोन सायकल घ्यायच्या. एबीव्हीडीत काय काय असतं, तोंड कधी येतं, शीर कशी काळी पडते, हे तुम्हाला आता माझ्याइतकंच ठाऊक असणार, म्हणून त्यात शिरत नाही. मी शेक टाळला. तुम्हीही टाळाच असं म्हणणार नाही, पण माझा कल कुठे आहे ते लपणारही नाही.

आधी शेकाच्या बाजूने बोलतो, कारण कागदावर ती बाजू भक्कम आहे. जर्मन गटाच्या एचडी-१६ चाचणीत दोन सायकलनंतर पेट स्वच्छ आलेल्यांपैकी शेक घेतलेल्या ९३.४ टक्के लोकांचा आजार पाच वर्षं आटोक्यात राहिला, न घेतलेल्यांत ८६.१ टक्के. ब्रिटनच्या रॅपिड चाचणीत तीन सायकलनंतर हाच प्रश्न होता आणि तीन वर्षांचे आकडे ९४.६ आणि ९०.८ निघाले. म्हणजे शेक न घेणाऱ्या शंभरातल्या चार ते सात जास्त माणसांचा आजार उलटतो. ही संख्या काही थोडीथोडकी नाही. पण याच चाचण्यांत किती माणसं जिवंत राहिली हे पाहिलं, तर दोन्हीकडे जवळपास सारखीच. ज्यांचा उलटला त्यांना पुढच्या उपचाराने बहुतेक वेळा सावरता आलं.

सोयीच्या हिशोबातही शेकच पुढे. वीस ग्रे म्हणजे सोमवार ते शुक्रवार असे साधारण दोन आठवडे, रोज टेबलावर काही मिनिटं. दुखत नाही. घसा धरतो, गिळताना त्रास होतो, पण तो ओसरतो. उलट आणखी दोन सायकल म्हणजे सलाइनच्या आणखी चार बैठका आणि दर बैठकीआधी पांढऱ्या पेशी किती उरल्या याची धाकधूक. त्यात एबीव्हीडीतल्या ब्लिओमायसिनचा फुप्फुसावरचा डोळा. मला शेवटी शेवटी जिना चढताना कोरडा खोकला यायचा. तो पुढे गेला, पण तेव्हा झोप उडाली होती. त्यातलंच हृदयाला जड जाणारं औषध, अॅड्रियामायसिन, तेही दुप्पट होतं. चार सायकलची बेरीज हृदयाच्या दृष्टीने धोक्याच्या पातळीच्या खालीच राहते, तरी वाढते ती वाढतेच.

मग मी हा रस्ता का घेतला? बायकोच्या मावशीमुळे.

मावशींना ऐंशीच्या दशकात, विशीत असताना हाच आजार झाला होता. त्या काळी ‘मँटल’ पद्धत होती. स्टॅनफर्डच्या हेन्री कॅप्लननी रूढ केलेली ही पद्धत म्हणजे मान, दोन्ही काखा आणि छातीचा मधला भाग एकाच मोठ्या झरोक्यातून, चाळीस ग्रेच्या आसपास. हॉजकिन बरा होऊ शकतो हे जगाला त्याच शेकाने दाखवलं, आणि मावशी बऱ्या झाल्याच. संसार केला, नोकरी केली, मुलं वाढवली. थायरॉईडची गोळी मधेच कधीतरी सुरू झाली, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पंचेचाळिशीनंतर स्तनात गाठ सापडली. गाठ लहान होती, तेवढीच काढून चालेल असं वाटत होतं. पण गाठ काढून स्तन राखायचा तर वर शेक द्यावा लागतो, आणि त्या जागेला आधी किती शेक मिळालाय ते कळल्याशिवाय पुन्हा देणार कसा? सर्जननी जुनी फाईल मागितली.

फाईल नव्हती. जिथे उपचार झाले तिथल्या रेकॉर्डरूममध्ये घरचे लोक कितीदा तरी जाऊन आले. एवढ्या वर्षांपूर्वीचे कागद ठेवत नाहीत, हे उत्तर दर वेळी वेगळ्या खिडकीवरून मिळालं. मावशींकडे पिवळं पडलेलं एक डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर फक्त ‘शेक पूर्ण’ एवढ्या अर्थाची इंग्रजी ओळ. डोस नाही, झरोका कुठून कुठे ते नाही. शेवटी कातडीवर आखणीसाठी गोंदलेले ठिपके पाहून डॉक्टरांनी अंदाज बांधला आणि स्तन पूर्ण काढायचं ठरलं. फाईल सापडली असती तरी कदाचित तेच ठरलं असतं. पण त्या खिडक्यांवरच्या खेपांत मी ड्रायव्हर म्हणून होतो, आणि कॅन्सरपेक्षा तो प्रकार माझ्या जास्त डोक्यात बसला.

कारण शेकाचं देणं उशिरा वसूल होतं. केमोतल्या काही जुन्या औषधांमुळे होणारा रक्ताचा कॅन्सर साधारण पहिल्या दहा वर्षांत दिसतो, आणि एबीव्हीडीत तो धोका ‘मॉप’ या जुन्या केमोपेक्षा खूपच कमी आहे. शेकामागून येणारे स्तनाचे, फुप्फुसाचे, थायरॉईडचे, अन्ननलिकेचे किंवा जठराचे कॅन्सर मात्र बहुधा दहा वर्षांनंतर डोकं वर काढतात आणि पुढची तीस वर्षं येत राहतात. नेदरलँड्समध्ये १९६५ ते २००० या काळात उपचार घेऊन किमान पाच वर्षं जगलेल्या ३,९०५ जणांचा मागोवा घेतला गेला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस वर्षांत त्यांच्यातल्या ४८.५ टक्क्यांना दुसरा कॅन्सर झाला. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण १९ टक्के अपेक्षित होतं. मला जास्त टोचलं ते असं, की १९८९ नंतर उपचार घेतलेल्यांत अशा अवयवांच्या कॅन्सरचा एकूण धोका आधीच्यांपेक्षा कमी झालेला दिसला नाही. काखा वगळून शेक दिलेल्या बायकांत स्तनाचा धोका मात्र कमी होता, म्हणजे झरोका लहान केल्याचा उपयोग होतो.

इथे तुम्ही म्हणाल, मावशींचा चाळीस ग्रेचा मँटल आणि आजचा वीस ग्रेचा, फक्त गाठीच्या जागेपुरता शेक यांची तुलना कशी? बरोबर आहे. माझ्या रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट मॅडमनीही हेच शांतपणे समजावलं. आता सीटीवर आखणी होते, श्वास रोखून धरायला लावतात म्हणजे हृदय आणि फुप्फुसाचा बराच भाग बाजूला राहतो. डोस कमी तर धोका कमी, हे स्तनाच्या बाबतीत पुष्कळ अभ्यासांत दिसलंय. मी फक्त एवढंच विचारलं, की आजच्या पद्धतीने शेक घेतलेल्यांची चाळीस वर्षं भरलीत का? त्या हसल्या. भरलेली नाहीत, भरणार कशी. मग दुसरा प्रश्न विचारला, माझा प्लॅन तीस वर्षांनी कुणाकडे मिळेल? त्यावर त्या हसल्या नाहीत. मशीन बदललं की सॉफ्टवेअर बदलतं, जुना डेटा उघडेलच याची खात्री देता येत नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

शेक घेतला की जन्मभर एक रखवाली मागे लागते. मुलीला तिशीच्या आत छातीवर शेक मिळाला असेल, तर उपचारानंतर आठेक वर्षांनी, पण पंचविशीच्या आधी नाही, दरवर्षी स्तनाची तपासणी एमआरआयसकट सुरू करावी अशी शिफारस आहे. माझ्याबरोबर डे-केअरला बसणाऱ्या एकीने शेक घेतला. तिला आता दर वर्षी काउंटरवर ‘एवढ्या लवकर मॅमोग्राफी कशाला?’ याचं उत्तर द्यावं लागतं. एमआरआयचे पैसे विम्यातून मिळवताना तर पूर्ण कथा पहिल्यापासून सांगावी लागते. ती चिकाटीची आहे, करते. मी बदलीच्या नोकरीत आहे, नाशिक, लातूर, पुन्हा नाशिक. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

केमोच्या रस्त्याचीही रखवाली आहे, पण ती आधी येते आणि सरते. पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येक सर्दीला हात मानेकडे जातो. आणि आजार उलटलाच, तर जोरदार केमो आणि स्वतःच्याच मूलपेशींचं प्रत्यारोपण करावं लागू शकतं. त्याने मूल होण्याची शक्यता धोक्यात येते, शिवाय त्याचाही पुढे दुसऱ्या कॅन्सरशी संबंध आहेच. शंभरातले ते चार-सात तुम्ही असाल, तर माझा सगळा युक्तिवाद तुम्हाला चिडवल्यासारखा वाटेल. ते मान्य करूनच लिहितोय.

पेट काठावरचा असेल, गाठ मोठी असेल, किंवा ब्लिओमायसिन फुप्फुसाला झेपणार नसेल, तर मी वाद न घालता शेक घेतला असता. साठीच्या माणसाने चाळीस वर्षांनंतरच्या धोक्यापायी केमो वाढवणं मला तरी पटत नाही. गाठ फक्त जांघेत असेल तर स्तन आणि फुप्फुस मुळात वाटेतच येत नाहीत. पण वय तिशीच्या आत, गाठ छातीच्या मध्यभागी आणि त्यातून मुलगी, असं असेल तर मी दोन सायकल जास्त सोसायच्या बाजूने झुकेन. विडी किंवा सिगारेट सुटत नसेल तर आणखीच, कारण फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी धूम्रपान आणि छातीवरचा शेक यांचे धोके नुसते बेरजेत जात नाहीत, गुणाकारात जातात.

शेकच ठरला, तर शेवटच्या दिवशी पेढे वाटायच्या आधी प्लॅनची प्रत मागून घ्या. एकूण डोस, किती भागांत दिला, आणि फुप्फुस, हृदय, थायरॉईड, स्तन यांना प्रत्येकी किती गेला ते पान त्यात हवं. छापील प्रत घरी ठेवा, पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर आणि आणखी एखाद्या तरुण नातेवाइकाच्या ईमेलवर पाठवा.