रशिया का इजिप्त? पोराला एमबीबीएसला धाडताना खर्चाचं गणित

परवा मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यावरनं येताना दाजींनी गाठलं. पोराला रशियाला धाडू का इजिप्तला, एजंट म्हणतोय दोन्हीकडं चलन पडलंय म्हणजे आपल्याला स्वस्तच. म्हटलं दाजी, अर्धं खरंय.

इजिप्त आधी बघू. 6 मार्च 2024 ला त्यांनी आपला पाउंड मोकळा सोडला, म्हणजे त्याचा दर बांधून ठेवायचं सोडलं, आणि एका दिवसात डॉलर 31 पाउंडावरनं 50 च्या आसपास गेला. म्हणजे 10,000 पाउंडाची खोली आपल्याला 27,000 ची साडेसोळा हजाराला पडायला लागली. पण महागाई त्याआधीच, सप्टेंबर 2023 ला 38 टक्क्यांला टेकली होती, तेल-अंडी-चिकन सगळंच वर गेलेलं, त्यात परदेशी पोरगं दिसलं की घरमालक भाडं डॉलरमधे मागणार, मग कसलं स्वस्त ओ? फी तर डॉलरमधेच असती. पाउंड पडला काय न पडला काय, आपला रुपया पडला की बोंब. 2022 च्या जानेवारीत डॉलर 74-75 ला होता, ऑक्टोबरात 83. फी 6,000 डॉलर धरली तरी पन्नास हजार वाढले, काही न करता.

रशियाची तऱ्हाच वेगळी. तिथं बऱ्याच सरकारी कॉलेजांत फी रुबलमधे, होस्टेलचं भाडंपण रुबलमधे आणि कमी, म्हणून रुबल पडला की खरंच फायदा. पण तो पडून राहतोय कुठं? युद्ध सुरू झाल्यावर मार्च 2022 ला रुबल 65 पैशाच्याही खाली आला आणि जूनअखेर दीड रुपया! महिन्याला 15,000 रुबल लागत असतील तर आधी दहा हजाराच्या आत आणि मग बावीस हजार, तेच जेवण तीच खोली. वर त्याच मार्चमधे व्हिसा-मास्टरकार्डनं तिथलं काम थांबवलं, बाहेरची कार्डं बंद. आमच्या गल्लीतलं एक पोरगं तेव्हा रशियातल्या काझानला होतं, हिकडं खात्यात पैसे आणि तिकडं मशीन कार्ड परत फेकतंय, आईनं बांधून दिलेल्या भडंगावर आणि भातावर दहा दिवस काढले त्यानं. पुढं एका सीनियरच्या तिथल्या खात्यातनं सोय झाली, पण ती नीट बसेपर्यंत रुबल चढलेला. स्वस्ताई आली तेव्हा पैसा पोचला नाही, पोचला तेव्हा महाग.

दाजींचा पैसा वर्षातनं एकदा येतो, हळद विकल्यावर. त्यांना मी इजिप्त म्हणीन, पट्टी हातात पडली की वर्षाची फी डॉलरमधे भरून मोकळं व्हायचं, मग डोक्याला फक्त खोली आणि जेवण. महिन्याला पगार येणारा असता आणि होस्टेल पक्कं असतं तर रशिया चाललं असतं, दोन-तीन महिन्याचा खर्च आधीच तिथल्या खात्यात ठेवून.

भाडं पाउंडात लिहून देणार का, आणि फी दरवर्षी वाढणार का, एवढं एजंटाकडनं कागदावर घ्या म्हटलं. दाजींनी मागितलं, तर कालपासनं तो फोनच उचलंना.