‘हर्क्युलिस’ आणि ‘झीना’
१९९५ साली सुरू झालेल्या आणि न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेल्या या दोन्ही मालिका ग्रीक पुराणकथांकडे खेळकरपणे पाहतात. ‘हर्क्युलिस’मध्ये केविन सॉर्बोने रंगवलेला नायक पहिल्यापासूनच सज्जन आहे, आयोलॉसशी असलेली त्याची मैत्री आणि राक्षसांशी होणाऱ्या झटापटी रंजक असल्या, तरी त्याच्या स्वभावात फारसा बदल घडत नाही. झीना ही योद्धी मात्र मूळ पुराणांत नाही. ‘हर्क्युलिस’मध्येच खलनायिका म्हणून ती प्रथम अवतरली, आणि म्हणूनच ल्यूसी लॉलेसने साकारलेल्या या नायिकेच्या प्रत्येक विजयावर जुन्या क्रौर्याची सावली राहते. गॅब्रिएलच्या सोबतीने तिने धरलेली प्रायश्चित्ताची वाट इतकी गंभीर असूनही जॉक्सर या धांदरट साथीदाराच्या फजितीला तेथे भरपूर जागा उरते, हे मला विशेष वाटते. निव्वळ करमणुकीला ‘हर्क्युलिस’ पुरेशी आहे. माझी पसंती निःसंशय ‘झीना’ला आहे.