अश्मयुगीन आहाराचा डबा: चव आणि दावा

शेती सुरू होण्यापूर्वीचा माणूस जे खात होता, तेच आपल्या शरीराला मानवते, या मतावर पॅलिओ आहार उभा आहे. धान्ये, डाळी, कडधान्ये, दूधदुभते, साखर आणि कारखान्यात तयार झालेले खाद्यपदार्थ त्यात वर्ज्य असून मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे आणि सुकामेवा यांवर भर असतो. पुण्यात या पद्धतीचा डबा घरपोच देणाऱ्या एका सेवेचे जेवण मी काही काळ नियमित घेतले. सेवेचे नाव येथे दिलेले नाही, कारण माझा मुख्य आक्षेप स्वयंपाकाबद्दल नसून ‘आदिमानवाचा खरा आहार’ म्हणून जी जाहिरात केली जाते तिच्याबद्दल आहे, आणि तशी जाहिरात अनेक जण करतात.

प्रथम जेवणाविषयी. मांसाहारी डबा खरोखरच चांगला आहे. मटणाचा अळणी रस्सा हाडांसह मंद आचेवर पुरेसा शिजवलेला असतो. झाकण उघडताच आल्याचा आणि काळ्या मिरीचा वास येतो, तुपाचा थर वर दिसतो, आणि मांस हाडापासून सहज सुटते. बांगडा खोबरेल तेलावर भाजलेला असतो व डब्यात येऊनही कोरडा पडत नाही. भाताच्या जागी फ्लॉवर किसून, वाफवून दिला जातो. तो गरम असताना रश्शाबरोबर खाल्ला तर चालतो, मात्र निवल्यावर त्याला पाणी सुटते आणि वास उग्र होतो, म्हणून डबा आल्याबरोबर जेवावे. बदामाच्या पिठाची भाकरी मात्र जमलेली नाही. ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी घातल्यावर येतो तसा चिकटपणा या पिठाला येत नाही, त्यामुळे तिचा घास मोडण्याआधीच तुकडे होतात आणि दोन घासांतच जड वाटू लागते.

शाकाहारी डब्याची शिफारस मी करणार नाही. धान्य, डाळ आणि दूध एकदम काढून टाकल्यावर शाकाहारी माणसाच्या ताटात प्रथिनांसाठी फारसे काही उरत नाही, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी या सेवेने पनीर वापरले आहे. दूधदुभते वर्ज्य मानणाऱ्या आहारात पनीर कसे, असे विचारले असता ‘भारतीय पद्धतीत चालते’ एवढेच उत्तर मिळाले. चालत असेल तर हरकत नाही, परंतु मग मुगाची उसळ का चालत नाही, याचे कारणही सांगायला हवे. शेंगदाण्याचे कूटसुद्धा कडधान्य म्हणून बाद आहे, आणि त्याविना केलेली भरली वांगी फिकी लागतात.

आता दाव्याविषयी. या विचाराला वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली ती 1985 मध्ये बॉयड ईटन आणि मेल्विन कॉनर यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलेल्या लेखामुळे, आणि लॉरेन कॉर्डेन यांच्या 2002 मधील पुस्तकाने तो घरोघरी पोचवला. शेती सुमारे दहा हजार वर्षांची, तेवढ्यात शरीर बदलत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. पण पशुपालन सुरू झाल्यानंतरच्या काही हजार वर्षांतच अनेक समाजांत मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता पसरली, हे आनुवंशिकीने दाखवले आहे. उत्खननेही निराळेच सांगतात. इस्रायलमधील गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो येथे सुमारे 23 हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत दळण्याच्या दगडावर रानटी धान्याचा स्टार्च सापडला. जॉर्डनमधील शुबायका येथे सुमारे 14,400 वर्षांपूर्वीच्या चुलीत रोटीचे करपलेले तुकडे मिळाले. ती रोटी रानटी धान्य आणि पाणथळ जागेतील कंद यांच्या पिठाची होती. इस्रायलमधील केबारा गुहेत तर निअँडरथल या आता नामशेष झालेल्या मानवजातीच्या थरांत जळालेली कडधान्ये आढळली. म्हणजे जे पदार्थ हा डबा कटाक्षाने टाळतो ते शेतीआधीच्या माणसाच्या चुलीवर होते, आणि ज्याच्यावर डबा उभा आहे तो फ्लॉवर शेतकऱ्यांनी निवड करत करत घडवलेला, भारतात एकोणिसाव्या शतकात आलेला आहे.

अश्मयुग हा आपल्यासाठी परका विषयही नाही. प्रवरेकाठी नेवाशाला डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी अश्मयुगीन हत्यारे उजेडात आणली, आणि चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याचे कोरलेले कवच मिळाले आहे. या प्रदेशातला शिकारी माणूस आपल्या नद्यांकाठी, आपल्या रानांतच वावरत होता. मग पुण्यातल्या पॅलिओ डब्यात करांदे, कोनफळ, सुरण एकदाही का नसावेत? पावसाळ्यात बाजारात टाकळा, कुर्डू, शेवळे येतात, खेकडे मिळतात. त्यांऐवजी ब्रोकोली आणि परदेशी बदाम यांवर खर्च करून दर घरगुती मेसच्या डब्याच्या कितीतरी पटीने वाढवला जातो, हे मला पटत नाही.

साखर, मैदा आणि पाकीटबंद खाणे सुटल्यामुळे हलके वाटते, हे खरे आहे आणि त्याचे श्रेय या आहाराला द्यायलाच हवे. मात्र मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भात-भाकरी एकाएकी बंद केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना एवढी प्रथिने झेपतीलच असे नाही. नोंदणी करताना सेवेने याबद्दल एक प्रश्नही विचारला नाही. हा दोष दुरुस्त करायला खर्च येत नाही, म्हणून तो अधिक खटकतो.

वेळेच्या बाबतीत सेवा चोख आहे, डबे स्टीलचे असून रोज परत नेले जातात. मी मांसाहारी डबा रविवारपुरता चालू ठेवला आहे, बदामाच्या भाकरीऐवजी जास्तीचा रस्सा मागवतो, आणि भाकरी घरी ज्वारीचीच करतो.