तागाच्या लॅमिनेटसाठी ३० टनी हॉट प्रेस : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारीपासून आम्ही तागाचे कापड आणि इपॉक्सी (घट्ट होणारे चिकट रेझिन) यांची लॅमिनेट, म्हणजे थर एकत्र चिकटवून केलेल्या शीट, ३० टनी हायड्रॉलिक हॉट प्रेसवर (तापवलेल्या प्लेटांमध्ये दाबणाऱ्या यंत्रावर) काढत आहोत. त्याआधी हाताने रेझिन लावून वर वजने ठेवत असू आणि ६ थरांची शीट ४ मिलिमीटर जाड निघत असे. तागही जळत असल्यामुळे काचतंतूप्रमाणे रेझिन जाळून तंतूंचे प्रमाण काढता येत नाही, म्हणून आम्ही ते जाडीवरून काढतो. ३०० जीएसएमचे (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) ६ थर आणि तागाची घनता १.४५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली, तर निव्वळ तंतूंची जाडी १.२४ मिलिमीटर भरते. म्हणजे ४ मिलिमीटरच्या शीटमध्ये आकारमानाने ताग जेमतेम ३१ टक्के होता. प्रेसवर तीच शीट २.७ मिलिमीटरची होते आणि तागाचे प्रमाण ४६ टक्क्यांवर जाते. वाकवून पाहताना हा फरक हाताला लगेच कळतो.

मात्र पहिले दोन महिने आमचा बराच माल वाया गेला, कारण गेजवरचा आकडा हाच लॅमिनेटवरचा दाब आहे असे आम्ही समजत होतो. गेज तेलाचा दाब दाखवतो. आमच्या पिस्टनचा व्यास १०० मिलिमीटर आहे, त्यामुळे गेजवर १०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर असताना सुमारे ७.८५ टन भार येतो. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या शीटवर तो दर चौरस सेंटिमीटरला ८.७ किलो पडतो, पण २० बाय २० च्या नमुन्यावर तोच १९.६ किलो होतो. त्या लहान नमुन्यांच्या कडांवरून रेझिन ओघळून गेले होते, पृष्ठभागावर कोरडे पांढुरके डाग होते आणि पाण्यात ठेवल्यावर ते नमुने कडेने फुगले. जाडी मात्र २.५ मिलिमीटरपर्यंतच उतरली होती. तागाचे सूत पिळाचे असते, त्यामुळे रेझिन त्याच्या गाभ्यात शिरायला वेळ लागतो. त्याआधीच जोर वाढवला तर ते सुताला बगल देऊन बाहेर पडते.

आता आम्ही प्रथम शीटवर दर चौरस सेंटिमीटरला २ किलोच्या आसपास दाब धरतो. कडेला बुडबुडे येणे थांबले आणि तिथल्या रेझिनला काडी लावल्यावर पाकासारखी तार धरू लागली, की दाब ८-९ किलोपर्यंत नेतो. याहून उशीर झाला तर रेझिन घट्ट होते आणि कितीही जोर लावला तरी आतली हवा निघत नाही. पावसाळ्यात आलेले फोड मात्र दाबामुळे नव्हते, ते ओलीमुळे होते; कापड १०५ अंशांवर वाळवून लगेच वापरल्यावर ते बंद झाले.

यंत्राबद्दल माझी तक्रार टनांच्या आकड्याविषयी आहे. आमचे काम ८ टनांच्या आत होते, पण गेज ६०० पर्यंतचे आणि २० च्या खुणांचे आहे, म्हणजे एका खुणेने मोठ्या शीटवरचा दाब जवळपास पावणेदोन किलोंनी बदलतो. सुरुवातीचा हलका दाब त्यावर नेमका वाचता येत नाही. प्लेटाही समांतर नव्हत्या. चारही कोपऱ्यांत सोल्डर तारेचे तुकडे दाबून मायक्रोमीटरने मोजले, तेव्हा दोन कोपऱ्यांत ०.४ मिलिमीटरचा फरक निघाला. पातळ पत्र्याच्या चकत्या घालून आम्ही तो ०.१ वर आणला. पाचव्या महिन्यात सील गळू लागले आणि धरलेला दाब अर्ध्या तासात उतरू लागला. विक्रेत्याने सील बदलून द्यायला तीन आठवडे लावले. तागासाठी नवी प्रेस घेणाऱ्याने १५ टनी, बारीक खुणांच्या गेजची आणि दाब धरून ठेवणारी प्रेस घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.