गाणाऱ्या बाईचं ऐकणं: ‘वेट्रेस: द म्युझिकल’

‘वेट्रेस: द म्युझिकल’ घरी बघायचा बेत असेल तर आदल्या दिवशी अमेरिकन गायिका सारा बरेलिसचा ‘व्हॉट्स इनसाइड’ हा २०१५ सालचा अल्बम ऐकून ठेवा. या नाटकातली गाणी तिनेच लिहिली, चालीही तिच्याच, आणि नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, येण्याआधीच त्यातली बरीचशी तिने स्वतःच्या आवाजात गाऊन ठेवली होती. नायिकेची, तिच्या मैत्रिणींची, अगदी एका पुरुष पात्राचं गाणंसुद्धा. ते ऐकून मग नाटक लावा. अल्बममध्ये जवळजवळ सगळं स्वतःकडे ठेवणारी ही बाई रंगमंचावर काय काय सोडून देते, ते बघण्यासारखं आहे.

बरेलिसची ओळख थोडक्यात. जन्म १९७९, गाव कॅलिफोर्नियातलं युरेका. २००७ मध्ये ‘लव्ह साँग’ने नाव झालं. रेकॉर्ड कंपनीकडून चालेल अशा गाण्यासाठी तगादा लागला होता, तर त्या तगाद्यावरच तिने हे गाणं लिहिलं. पियानोवर बसून आपलीच गाणी गाणारी गायिका म्हणून ती स्थिरावली, २०१३ मध्ये ‘ब्रेव्ह’ गाजलं, आणि मग हे नाटक आलं. मूळ ‘वेट्रेस’ सिनेमा एड्रियन शेलीचा. लेखन आणि दिग्दर्शन दोन्ही तिचं. तो २००७ मध्ये प्रदर्शित झाला, पण ते बघायला ती नव्हती. त्याआधीच, २००६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये तिचा खून झाला. नाटकाची संहिता जेसी नेल्सनची, दिग्दर्शन डायान पॉलसचं. २४ एप्रिल २०१६ ला ब्रॉडवेवर पडदा उघडला तेव्हा नायिका होती जेसी म्युलर. बरेलिस स्वतः त्या भूमिकेत उभी राहिली ३१ मार्च २०१७ ला. ब्रॉडवेवर नटी म्हणून तिची ही पहिलीच वेळ.

आता जे विकत किंवा भाड्याने मिळतं ते २०२१ मधल्या प्रयोगांचं चित्रीकरण आहे. कोविडनंतर नाटक एथेल बॅरीमोर थिएटरमध्ये पुन्हा सुरू झालं, तेव्हाचं. यात नायिका बरेलिसच.

गोष्ट जेनाची. अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक छोटं गाव, तिथलं एक साधं हॉटेल, आणि तिथे ‘पाय’ (सारण भरून भाजलेला अमेरिकन पदार्थ) बनवणारी आणि वाढणारी ही बाई. नवरा अर्ल दांडगाई करणारा, तिच्या टिपचे पैसेही हिसकावणारा. त्यात दिवस गेलेले. मनात जे चाललंय त्याचं नाव ती त्या दिवशीच्या पायला देते. वाद्यवृंद रंगमंचावरच, हॉटेलच्या एका बाजूला बसलेला असतो. त्यामुळे गाणं सुरू झालं की ते त्या खोलीतलंच वाटतं.

मी न्यू जर्सीत नाट्यसंगीत शिकवते, त्यामुळे माझा कान आधी गळ्याकडे जातो. बरेलिसचा गळा तयारच आहे, त्यावर काही लिहायला नको. मी थांबले ती दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला. बेकी ही मैत्रीण भलत्याच प्रसंगी जेनाच्या नजरेस पडते आणि ‘आय डिडन्ट प्लॅन इट’ गाते. अल्बमवर हे गाणं बरेलिसचं. इथे चॅरिटी एंजेल डॉसन ते असं काही फोडून गाते की बस. आणि ज्या बाईने त्यातला शब्दन् शब्द लिहिला, ती समोर उभी राहून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐकते. चेहऱ्यावर कुठेही ‘हे माझं’ नाही. मैत्रिणीचा राग आलाय, आणि तिचं पटतंयही. गवयाला असं ऐकता येणं किती कठीण, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगून थकले आहे.

मग ‘शी यूज्ड टु बी माइन’. अर्लला लपवलेले पैसे सापडतात, त्यानंतर हे गाणं येतं. शब्दांत जेना स्वतःबद्दल ‘ती’ म्हणून बोलते, हरवलेल्या ओळखीच्या माणसाबद्दल बोलावं तशी. अल्बममध्ये हे गाणं घोटीव आहे, प्रत्येक स्वर जागच्या जागी. नाटकात ती सुरुवात जवळजवळ बोलल्यासारखी करते आणि वर चढताना आवाज खरखरला तरी सावरत नाही. आपल्या संगीत नाटकात गायक-नट अशा जागी भूमिकेतून बाहेर येऊन मैफल मांडतो, आणि वन्समोअरसाठी आपणही आसुसलेले असतो. मला ती परंपरा प्रिय आहे. पण इथे गाणं संपल्यावर पुन्हा म्हण, असं मला वाटलंच नाही. त्या बाईला पुन्हा त्यातून कशाला न्यायचं?

अर्लचं काम जो टिपेट करतो. खऱ्या आयुष्यात तो बरेलिसचा जोडीदार. तो पुढे सरकला की ती आक्रसते, आणि ते पाहून पोटात गोळा येतो. मूळ संचातला अर्ल म्हणजे निक कॉर्डेरो. तो २०२० मध्ये कोविडने गेला. नाटक पुन्हा सुरू करताना हॉटेलच्या मेनूत त्याच्या ‘लिव्ह युवर लाइफ’ या गाण्याच्या नावाचा पाय घातला होता. मागच्या मेनूच्या फळीकडे लक्ष ठेवा.

न पटलेलंही सांगते. कॅमेरा फार जवळ जातो. तिघी मैत्रिणी एकत्र गातात तेव्हा तिघी एकदम दिसायला हव्यात, तिथे एकेकीचा चेहरा दाखवत बसतात. ओगी हे पात्र नकार ऐकूनही डॉन या तिसऱ्या मैत्रिणीच्या मागे लागतं आणि नाटक ते गंमत म्हणून खपवतं. ओगी झालेला क्रिस्टोफर फिट्झगेराल्ड कमालीचा चपळ विनोदी नट आहे, तरी मला ते खटकलं. जेनाच्या विवाहित डॉक्टरशी जुळलेल्या प्रकरणात त्याच्या बायकोचा विचार फारसा कुणी करत नाही, हेही.

तरीही पैसे वसूल. बरेलिस नटी म्हणून इथेच थांबली नाही. २०२२ मध्ये ‘इनटू द वुड्स’मध्ये तिने बेकरची बायको केली. ती गाणी स्टीव्हन सॉन्डहाइमची, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दांवर उभं राहायचं होतं, आणि त्या कामासाठी तिला टोनी या ब्रॉडवेच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. त्या संचाच्या अल्बमला ग्रॅमी मिळाला. ‘वेट्रेस’ आवडलं तर पुढे तोच ऐका.

नाटक जवळजवळ अडीच तासांचं आहे. सबटायटल्स लावूनच बघा, गाण्यांत शब्द भराभर येतात. आणि लहान मुलं झोपल्यावर लावा, मारहाण आणि शृंगार दोन्ही आहे.