नऊ महिने स्क्रम वापरल्यावर: डेलीपेक्षा ‘झालं’ या शब्दावरचं भांडण जास्त कामी आलं

स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या ठरावीक टप्प्यांत, म्हणजे स्प्रिंटमध्ये, करायची पद्धत. सात जणांची टीम, दोन-दोन आठवड्यांचे १९ स्प्रिंट. मी स्क्रम मास्टर, म्हणजे ही पद्धत नीट चालवणारा आणि टीमचे अडथळे दूर करणारा, आणि उरलेल्या वेळात कोडही लिहितो. (ही दुहेरी भूमिका शक्यतो घेऊ नका. स्वतःचंच तिकीट, म्हणजे वाट्याचं काम, अडकलेलं असलं की दुसऱ्याचा ब्लॉकर, म्हणजे अडथळा, सोडवायला मन होत नाही.)

स्क्रमने काम झपाट्याने होतं, असं सांगून आमच्या गळ्यात हे घालण्यात आलं होतं. तसं काही झालं नाही. उलट चौथ्या स्प्रिंटनंतर आमचा वेग कागदावर जवळजवळ निम्म्यावर आला, आणि तिथूनच गाडी रुळावर आली.

त्याचं असं झालं. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे स्प्रिंटअखेर काम दाखवायच्या बैठकीत, सहा स्टोऱ्या (कामाचे छोटे तुकडे) ‘डन’ म्हणून दाखवायच्या होत्या. पैकी दोन फक्त लिहिणाऱ्याच्या मशीनवर चालत होत्या, एक टेस्टरने पाहिलीच नव्हती, आणि चौथी स्टेकहोल्डरांसमोर आपटली. नंतर कळलं की खोटं कुणीच बोललं नव्हतं, ‘झालं’चा अर्थ प्रत्येकाचा वेगळा होता. दुसऱ्या दिवशी दोन तास वाद घालून आम्ही डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे ‘झालं’ची व्याख्या, लिहिली: कोडचा रिव्ह्यू होऊन मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील), टेस्टरची तपासणी पूर्ण, स्टेजिंगवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) चालू. चौथी ओळ नाही. पुढच्या स्प्रिंटमध्ये आकडा घसरला, वरून विचारणा झाली. पण आधीचा आकडाच फुगवलेला होता, हे सांगायला पहिल्यांदा आमच्याकडे काहीतरी लेखी होतं. नऊ महिन्यांतली सगळ्यात मोलाची गोष्ट कुठली विचाराल तर ही.

डेलीचं, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीचं, मात्र बरेच दिवस हसं झालं होतं. काल काय केलं, आज काय करणार, काही अडचण? सगळे माझ्याकडे बघून हजेरी दिल्यासारखे बोलायचे. गंमत म्हणजे स्क्रमचे जनक श्वाबर आणि सदरलँड यांच्या स्क्रम गाइडमधून हे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीतच काढून टाकलेत, आणि आम्ही ते जपमाळेसारखे ओढत होतो. मग कामाचा बोर्ड उजवीकडून वाचायला सुरुवात केली: जे तिकीट संपायला सर्वात जवळ आहे, ते आज कसं संपेल? मी मुद्दाम आठवडाभर गेलो नाही. परत गेलो तेव्हा लोक एकमेकांशी बोलत होते. आता बहुतेक दिवशी दहा मिनिटांत आटपतं.

स्टोरी पॉइंट्सबद्दल (काम किती मोठं याचे अंदाजी गुण) माझं मत जरा कडवट आहे. ते गाइडमध्ये नाहीतच, तरी स्क्रम म्हटलं की लोकांना आधी तेच आठवतात. आमच्या वरिष्ठांनी शेजारच्या टीमशी आमची व्हेलॉसिटी, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये संपलेले पॉइंट, ताडून पाहिली, आणि महिनाभरात आमचे तीन पॉइंटांचे काम पाच पॉइंटांचे झाले. कुणी ठरवून केलं नाही, हातचं राखून बोलायची सवय लागली, एवढंच. आता पॉइंट टीमच्या बाहेर जात नाहीत. पोकर, म्हणजे सगळ्यांनी एकदम पत्ते दाखवून पॉइंट ठरवणं, मात्र सोडला नाही, कारण एक जण २ दाखवतो आणि दुसरा १३, तेव्हा १३ वाल्याला हमखास काहीतरी ठाऊक असतं. एकदा आम्ही बदलणार होतो त्याच डेटाबेस टेबलावर एक जुना रिपोर्ट चालतो, हे असंच बाहेर आलं. नाहीतर थेट प्रॉडक्शनमध्येच कळलं असतं.

रेट्रोत, म्हणजे काय सुधारायचं हे बोलायच्या स्प्रिंटअखेरच्या बैठकीत, सुरुवातीला नुसत्या कुरबुरी. ‘बिल्ड फार हळू आहे’ (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनायला फार वेळ लागतो) ही चिकटनोट ओळीने चार रेट्रोंत लागली, आणि दर वेळी पहिले पाढे पंचावन्न. पाचव्यांदा तिचंच कार्ड करून पुढच्या स्प्रिंट बॅकलॉगमध्ये, म्हणजे कामांच्या यादीत, टाकलं, नावासकट. बिल्ड ४० मिनिटांवरून १२ वर आला. तेव्हापासून एका रेट्रोतून एकच गोष्ट उचलतो.

जमलं नाही ते म्हणजे प्रॉडक्ट ओनर (पीओ), म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारी व्यक्ती. आमच्या पीओंकडे तीन प्रॉडक्ट आहेत. प्लॅनिंगला येतात, मग दोन आठवडे गायब. एका ‘हो की नाही’साठी स्टोरी चार-चार दिवस लटकते. बोर्डवर ‘उत्तराची वाट’ असा कॉलम काढला. त्याने प्रश्न सुटला नाही, पण तो कॉलम रिव्ह्यूमध्ये सगळ्यांना दिसतो, आणि मला तक्रार करावी लागत नाही.

दुसरं म्हणजे सपोर्टचं काम. प्रॉडक्शनमधले बग स्प्रिंटचं वेळापत्रक बघून येत नाहीत. सहा महिने आम्ही ते स्प्रिंटमध्ये कोंबत होतो आणि दर वेळी स्प्रिंट गोलची वाट लागायची. आता दोघं जण आळीपाळीने फक्त बग बघतात, त्यांचा बोर्ड वेगळा, तिथे ना स्प्रिंट ना पॉइंट. तुमचं बहुतेक काम याच प्रकारचं असेल तर स्क्रमच्या मागे लागू नका, साधा कानबान (स्प्रिंट न आखता बोर्डवर एकेक काम पुढे सरकवत राहणं) पुरे.

विसाव्या स्प्रिंटचं प्लॅनिंग सोमवारी आहे. पीओंनी या वेळी रोज अर्धा तास देतो म्हटलंय. कॉलम मी अजून पुसलेला नाही.