फॅमिलीसर्च : ग्रॅहम काउंटीच्या दप्तरातून वंशावळ शोधताना

फॅमिलीसर्च ही वंशावळ शोधण्याची मोफत सेवा मी गेले काही महिने एकाच ठिकाणासाठी वापरली. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्येकडील ग्रॅहम काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग). ही काउंटी निवडण्याचे कारण निकोडेमस हे गाव. केंटकीतील गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी १८७७ मध्ये सॉलोमन नदीजवळच्या झाडे नसलेल्या माळावर हे गाव वसवले आणि पहिला हिवाळा जमिनीत खोदलेल्या घरांत काढला. अशा कुटुंबांचा माग काढता आला, तर सेवा कामाची आहे असे म्हणता येईल, हा माझा निकष होता.

पहिल्या पानावरील शोधचौकटीत आडनाव टाकून सुरुवात करणाऱ्याची बहुधा निराशा होते. त्या चौकटीतून फक्त ज्या नोंदींची नामसूची तयार आहे त्याच सापडतात, आणि ग्रामीण काउंटीच्या दप्तराचा पुष्कळसा भाग चित्ररूपाने उपलब्ध असूनही सूचीत आलेला नसतो. या सेवेचे बळ तिच्या तालिकेत, म्हणजे कॅटलॉगमध्ये आहे. तेथे ठिकाणानुसार शोध घेऊन आधी राज्य आणि मग काउंटी निवडली, की जमिनीचे दस्त, मृत्युपत्रे व वारसा, विवाह, जनगणना अशा वर्गांत मांडलेले साहित्य समोर येते. कॅन्ससमध्ये जन्म-मृत्यूची राज्यव्यापी नोंद १९११ मध्ये आणि विवाहांची १९१३ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच्या माणसाचा पुरावा हवा असेल तर काउंटीच्या दप्तराला पर्याय नाही. ग्रॅहम काउंटीचा कारभार १८८० मध्ये सुरू झाला, तेव्हा तिचे तात्पुरते कारकून म्हणून निकोडेमसचे एडवर्ड मॅकेब यांची नेमणूक झाली. हेच मॅकेब १८८२ मध्ये राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. ही पार्श्वभूमी ठाऊक असली, की त्या काळातले कागद वाचताना काउंटी म्हणजे नकाशावरची चौकट राहत नाही, तिच्या कचेरीत कोण बसले होते हेही डोळ्यांसमोर येते.

२०२४ मध्ये आलेली पूर्ण मजकुरातील शोधाची सोय मला सर्वांत मोलाची वाटते. यंत्र जुने हस्ताक्षर वाचते आणि दस्ताच्या पोटात आलेले प्रत्येक नाव शोधता येते. अमेरिकेतील जमीन व वारसाविषयक कागदांपासून तिचा आरंभ झाला. पूर्वी सूचीत फक्त विकणारा आणि घेणारा दिसे. आता साक्षीदार, शेजारी, वारस म्हणून उल्लेखलेल्या विवाहित मुली, असे सगळे सापडू शकतात, आणि छोट्या वस्तीत साक्षीला उभा राहणारा माणूस पुष्कळदा सोयरा असतो. यंत्राच्या वाचनात चुका होतात, म्हणून मूळ चित्र उघडून पाहिल्याशिवाय काहीही उतरवून घेऊ नये.

या सेवेला सोबत लागते, ती संघराज्याच्या भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळाची. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षे राहून कसणाऱ्याला मिळत असे, आणि त्या हक्कपत्रांच्या प्रती तेथे राज्य व काउंटीनुसार विनामूल्य पाहता येतात. हक्कपत्राची तारीख पाच वर्षांनी मागे नेली, की कुटुंब माळावर केव्हा आले याचा अंदाज बांधता येतो.

काही अडथळे सेवेच्या हातात नाहीत. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीमुळे गेले. ती पोकळी भरण्यासाठी कॅन्ससने १८८५ व १८९५ मध्ये घेतलेली राज्य जनगणना पाहावी, कारण तिच्यात माणूस कॅन्ससला कोठून आला हेही विचारलेले आहे. याहून मोठा अडथळा १८७० चा आहे. त्या वर्षीच्या जनगणनेत गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावे प्रथमच एकत्रितपणे लिहिली गेली. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण आहे. निकोडेमसच्या कुटुंबांसाठी येथून पुढचा शोध केंटकीत जातो. तेथे फॅमिलीसर्चने फ्रीडमेन्स ब्यूरोच्या, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठीच्या सरकारी खात्याच्या कागदांची स्वयंसेवकांकडून करून घेतलेली नामसूची उपयोगी पडते, आणि १८६५ ते १८७४ या काळात मुक्त झालेल्यांसाठी चाललेल्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेनोंदीही, कारण त्यांत खातेदाराचे आईवडील, भावंडे आणि कधीकधी पूर्वीचा मालकही नोंदलेला असतो. ज्यांना यादीत आकड्याइतकेच स्थान होते, त्यांनी बँकेच्या कारकुनाला आपल्या आईचे नाव सांगितले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सेवेतील सामायिक कुटुंबवृक्षावर मात्र मी भरवसा ठेवणार नाही. तो सर्वांचा मिळून एकच आहे आणि कोणीही त्यात बदल करू शकते. पिढ्यान्‌पिढ्या तीच नावे ठेवणाऱ्या कुटुंबांत दोन वेगळी माणसे एक होऊन बसण्याचा धोका त्यात राहतो. काही चित्रे घरून उघडत नाहीत, त्यासाठी फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावे लागते. ही सेवा लॅटर-डे सेंट्स पंथाचे चर्च चालवते आणि वंशावळीला त्या पंथात धार्मिक अर्थ आहे, हेही नाव नोंदवण्यापूर्वी माहीत असावे.

सूचीतील चुकीचे वाचन दुरुस्त करण्याची सोय पुष्कळ नोंदींना दिलेली आहे आणि आधीचे वाचन त्यामुळे पुसले जात नाही. ग्रॅहम काउंटीत शोध घेणाऱ्या प्रत्येकाने निदान आपल्याला खात्रीने वाचता आलेली नावे तरी तेथे नीट करून ठेवावीत, कारण निकोडेमसचे वंशज आजही दर जुलैच्या अखेरीस त्या गावी एकत्र येतात, आणि ही नावे त्यांच्या घरची आहेत.